चित्रीकरण आणि संकलन : मूलभूत प्रशिक्षणाचा विचार
(सातारा-सांगली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची नवी रचना लागू झाली आणि तिच्यात व्यावसायिक कौशल्याच्या छोट्या अभ्यासक्रमांना स्थान मिळाले. चित्रीकरण आणि व्हिडिओ संकलन हा विषय या अभ्यासक्रमांत सहज बसणारा आहे. विद्यार्थ्यांना त्याची ओढ आहे आणि साधन बहुतेकांच्या खिशात आहे. अडचण शिकवणाऱ्यांपुढे आहे. मराठी, इतिहास, भूगोल किंवा संगणकशास्त्राच्या प्राध्यापकावर ही जबाबदारी आली, की 'मूलभूत' म्हणजे नेमके काय, हा पहिला प्रश्न उभा राहतो. त्याचे सोपे उत्तर म्हणून एखादे संकलनाचे सॉफ्टवेअर निवडले जाते, त्यातील बटणे शिकवली जातात आणि तासिका पूर्ण होतात. हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलते. कोणते दृश्य ठेवावे, कोणते गाळावे आणि कोणते कशापुढे जोडावे, हा विवेक मात्र मूकपटाच्या काळापासून फारसा बदललेला नाही. प्रस्तुत लेखात या विवेकाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि त्याच्या अध्यापनासाठी या दोन जिल्ह्यांतच किती सामग्री उपलब्ध आहे हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

वाईचा घाट आणि कल्पित भूगोल

संकलनाचे सामर्थ्य समजावून देण्यासाठी सातारा जिल्ह्यातील शिक्षकाला दूर जाण्याची गरज नाही. प्रकाश झा यांच्या 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) या चित्रपटांतील बिहार वाई परिसरात चित्रित झाला. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस' (२००४) मधील उत्तर प्रदेशातले चरणपूर हे गाव म्हणजे वाईजवळचे मेणवली होय. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तोच घाट आणि तीच कृष्णा. 'दबंग' (२०१०) मध्ये हा परिसर पुन्हा उत्तर प्रदेश झाला, तर 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) मध्ये त्याने तमिळ गावाचे रूप घेतले. वाईच्या विद्यार्थ्याला हे ऐकून माहीत असते आणि त्याचे त्याला कौतुकही असते. परंतु कृष्णेचा घाट पडद्यावर गंगेचा प्रदेश कसा ठरतो, हा प्रश्न त्याला सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास प्रयोगाने दिले होते. मॉस्कोच्या रस्त्यांवर भेटणारी दोन माणसे पुढच्या दृश्यात वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसच्या पायऱ्या चढताना त्यांनी दाखवली. प्रेक्षकांच्या मनात दोन शहरांचे एक शहर झाले. याला त्यांनी सर्जक भूगोल असे म्हटले. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचे एकच निर्विकार दृश्य घेतले आणि ते एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर जोडले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली आणि दुःखही दिसले. अर्थ एकट्या दृश्यात नसतो, तो शेजाराने येतो, हा संकलनाचा पाया आहे. यातली एक गोष्ट आपल्याकडील महाविद्यालयांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. यादवी युद्धाच्या त्या काळात मॉस्कोच्या चित्रपट विद्यालयात कच्च्या फिल्मचा कमालीचा तुटवडा होता. म्हणून विद्यार्थी जुन्या चित्रपटांच्या पट्ट्या कापून पुन्हा जोडत आणि त्यातून शिकत. साधनांचा अभाव हाच तेथे अभ्यासक्रम झाला.

हाच प्रयोग वर्गात एका तासिकेत करता येतो. मेणवलीच्या घाटाचे एक दृश्य घ्यावे. त्याच्या आधी एकदा गावाच्या मराठी नामफलकाचे आणि एकदा हिंदी पाटीचे दृश्य जोडावे. घाट तोच राहतो, प्रदेश बदलतो. 'स्वदेस'मधील गावातल्या चित्रपटाच्या खेळाचा प्रसंगही या निमित्ताने दाखवावा. तेथे एकाच पडद्याच्या दोन बाजूंना जातीनुसार विभागलेले प्रेक्षक बसलेले आहेत. ही विभागणी संवादाच्या आधी कॅमेऱ्याच्या जागा आणि दृश्यांचा क्रम यांतून कशी कळते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून लिहावे. सातारा जिल्ह्यातील गावांनी आजवर चित्रपटसृष्टीला घाट, वाडे, बैलगाड्या आणि गर्दीतली माणसे पुरविली. त्या गावांचे पडद्यावर काय व्हायचे याचा निर्णय मात्र मुंबईतील संकलनकक्षात झाला. व्यवसायाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण ज्या परिसराची ओळख इतक्या वेळा बदलली गेली, त्या परिसरातील पदवीधराला ती बदलण्याची आणि राखण्याचीही प्रक्रिया ठाऊक नसावी, हे शैक्षणिकदृष्ट्या समर्थनीय नाही.

कोरेगावचे कादंबरीकार, कोल्हापूरचा कॅमेरा

या परिसराचा चित्रपटाशी असलेला संबंध केवळ चित्रीकरणस्थळाचा नाही, याकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. कादंबरीकार नारायण हरी आपटे यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील समडोळीचा आणि दीर्घ वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे. त्यांच्या कथेवर बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. 'भाग्यश्री' या कादंबरीवरून 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'न पटणारी गोष्ट'वरून 'कुंकू' (१९३७) हे प्रभातचे चित्रपट निघाले. माडगूळकर बंधू आटपाडी तालुक्यातले. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेल्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाचे बीज आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील मुक्त कारागृहाच्या प्रयोगात आहे. औंध संस्थानातला हा प्रयोग स्थानिक विद्यार्थ्यांना चित्रपटाइतकाही परिचित नसतो.

बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' (१९२०) चित्रित केला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तेथेच घडली. पडदे रंगविणे, फिल्म धुणे, यंत्र दुरुस्त करणे, प्रसंगी तोंडाला रंग लावून उभे राहणे, अशी सर्व कामे करीत ती शिकली. १९२९ मध्ये त्यांनी प्रभात उभी केली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली. येथे मुद्दा गौरवाचा नाही. एका माणसाने सर्व कामे एकदा तरी करून पाहणे, ही त्या पिढीची शिक्षणपद्धती होती आणि पदवीच्या छोट्या अभ्यासक्रमाला तीच मानवते. 'तू कॅमेरामन, तू एडिटर' अशी पहिल्याच आठवड्यात विभागणी केल्यास संकलकाला चित्रीकरणाची आणि चित्रीकरण करणाऱ्याला संकलनाची अडचण कधीच कळत नाही.

त्याहीपूर्वी, १९१७ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक छोटा पट काढला होता. चित्रपट शिकविण्यासाठी चित्रपटच वापरावा, ही कल्पना मराठी माणसाला शंभर वर्षांहून जुनी आहे.

चित्रीकरण : हळदीचे उदाहरण

चित्रपटनिर्मितीचे पूर्वतयारी, चित्रीकरण आणि चित्रीकरणानंतरचे काम असे तीन टप्पे सांगण्याची प्रथा आहे. ही विभागणी योग्य असली तरी तिच्यामुळे संकलन हे शेवटचे काम असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात संकलनाची सुरुवात कागदावर, कॅमेरा हातात घेण्यापूर्वी होते. जे दृश्य घेतलेच नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर जोडू शकत नाही.

सांगली परिसरातील विद्यार्थ्यांसाठी हळद हा सरावाचा उत्तम विषय आहे, कारण हळदीला स्वतःचा क्रम आहे. काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश आणि शेवटी बाजार समितीतील सौदा. हळकुंड शिजविण्याचा प्रसंग तीन मिनिटांत दाखवायचा आहे असे समजू. विद्यार्थी बहुधा कॅमेरा सुरू करून दहा मिनिटे फिरत राहतो. त्यातून संकलनाला उपयोगी असे काहीच मिळत नाही. त्याऐवजी प्रथम दूरदृश्य घ्यावे : शेत, वाफ आणि माणसे एका चौकटीत यावीत, म्हणजे जागा कळते. नंतर मध्यदृश्यात काम करणारी व्यक्ती कमरेपासून वर. त्यानंतर समीपदृश्य, म्हणजे रोजच्या भाषेतील क्लोज-अप : शिजलेले हळकुंड बोटांनी दाबून पाहणारा हात. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरावे. कृती सुरू होण्याआधी कॅमेरा सुरू व्हावा आणि ती संपल्यावर थोडा वेळ चालू राहावा, कारण जोडणीसाठी लागणारी जागा याच कडांवर मिळते.

समीपदृश्य केव्हा घ्यावे, हा तांत्रिक प्रश्न नाही. 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूच्या डोळ्याचे पडदा व्यापणारे दृश्य गाजले. त्यातून त्या माणसाची दहशत एका क्षणात कळते, म्हणून ते गाजले. जेथे प्रेक्षकाला 'जवळून पाहू द्या' असे वाटते तेथेच जवळ जावे. विद्यार्थ्यांच्या चित्रफितींत आढळणारा झूमचा सततचा वापर हा बहुतेक वेळा जवळ चालत जाण्याचा आळस असतो.

सौद्याच्या प्रसंगात कल्पित रेषेचा नियम समजावता येतो. ढिगाच्या एका बाजूला अडत्या आणि दुसऱ्या बाजूला खरेदीदार उभे आहेत. त्या दोघांना जोडणारी एक रेषा मनात आखावी आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. म्हणजे अडत्या नेहमी उजवीकडे आणि खरेदीदार नेहमी डावीकडे पाहताना दिसेल. कॅमेरा रेषेपलीकडे गेला, की दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात आणि बोली कोण कोणाला देतो आहे, हेच कळेनासे होते. हा नियम मोडता येतो, पण तो का आहे हे ठाऊक असलेल्यानेच मोडावा.

भारतीय परिस्थितीत एक बारीक गोष्ट फार त्रास देते. आपल्याकडील विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात. मोबाइल मात्र सहसा सेकंदाला ३० चौकटींच्या मापावर लावलेला असतो. त्यामुळे वर्गात किंवा गोदामात घेतलेल्या दृश्यात पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर ठेवल्यास हा दोष बहुतांशी जातो. ज्या मोबाइलमध्ये शटर बदलण्याची सोय नाही, त्यात तशी सोय देणारे वेगळे कॅमेरा-ॲप घ्यावे. चित्रीकरण सुरू करण्यापूर्वी फोकस आणि प्रकाशमान स्थिर करून ठेवावे, नाहीतर वाफेचा लोट आला की सगळी चौकट आपोआप काळवंडते.

ध्वनी : 'कुंकू'चा धडा

नवशिक्यांच्या चित्रफिती चित्रापेक्षा आवाजात अधिक फसतात. प्रेक्षक अस्पष्ट चित्र सहन करतो, अस्पष्ट बोलणे करीत नाही. तरीही अभ्यासक्रमात ध्वनीला एखादी तासिका मिळते आणि बाकी काम पार्श्वसंगीतावर ढकलले जाते. शांताराम यांनी 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत टाळले. पडद्यावरच्या जगात खरोखर निर्माण होणारे आवाज तेवढे ठेवले. जरठ नवरा, त्याचे जुने घर आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक यांतून नीरेची कोंडी ऐकू येते. हा चित्रपट १९३७ चा आहे. ध्वनिमुद्रणाची साधने तेव्हा जड आणि मर्यादित होती. आज साधने विपुल आहेत आणि कोणत्याही मुलाखतीखाली बासरी लावण्याची सवय मात्र सार्वत्रिक झाली आहे.

बोलणाऱ्याजवळ मायक्रोफोन नेणे, हा ध्वनिमुद्रणाचा पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम होय. कॉलरला लावायचा साधा मायक्रोफोन दूरच्या महागड्या मायक्रोफोनपेक्षा अनेकदा सरस ठरतो. ध्वनी दुसऱ्या मोबाइलवर वेगळा मुद्रित करायचा असल्यास प्रत्येक दृश्याच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. संकलनात टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळविला की पुढचे सर्व जुळते. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता एक मिनिट केवळ त्या जागेचा आवाज घ्यावा. मुलाखतीतील खोकला किंवा अडखळणे कापल्यावर तेथे पूर्ण शांतता उरते आणि ती कानाला खटकते. हा एक मिनिट त्या फटी भरतो. सौद्याच्या गलक्याचा किंवा पॉलिशच्या ड्रमचा आवाज असाच स्वतंत्र घेतला तर एरवी निर्जीव वाटणारी दृश्येही जिवंत होतात.

संकलन

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे ४०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे साडेचार मिनिटांत संपत असे. रीळ महाग होते, त्यामुळे शिस्त आपोआप येत होती. आज ही शिस्त शिक्षकाला लावावी लागते. सेकंदाला २५ मेगाबिट या गतीने घेतलेले तासाभराचे चित्रीकरण सुमारे ११ गिगाबाइट जागा घेते. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचे गणित ज्याने त्याने करावे. सर्व साहित्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर झाल्याशिवाय मोबाइलमधील मूळ फाइल पुसू नये.

संकलनाचे पहिले काम पाहणे आणि नोंदणे हे आहे. प्रत्येक दृश्याला क्रमांक, ठिकाण, दिनांक, त्यात काय आहे आणि ते वापरण्याजोगे का आहे, अशी नोंदवही ठेवावी. त्यावरून कागदावर क्रम लावावा आणि मगच संगणक उघडावा. प्रथम ढोबळ जुळणी होते. ती नेहमी लांबलचक आणि निराश करणारी असते. हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे, कारण अनेकजण येथेच काम सोडतात. नंतर बारीक जुळणी, ध्वनीची पातळी, रंगांचे संतुलन आणि शीर्षके. चित्र बदलण्याआधी पुढच्या दृश्याचा आवाज सुरू करणे, किंवा चित्र बदलल्यावरही आधीच्या माणसाचे बोलणे चालू ठेवणे, या साध्या युक्तीने जोडणीचे टाके दिसेनासे होतात. पडद्यावरच्या नाना आकर्षक संक्रमणांपेक्षा ही एक गोष्ट शिकविणे श्रेयस्कर.

नेमके कोठे कापावे? अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी या प्रश्नाला सहा निकष दिले आणि गंमतीने म्हणा किंवा गांभीर्याने, त्यांना टक्केवारीही दिली. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, आणि उरलेले प्रेक्षकाची नजर व जागेचे सातत्य यांना. म्हणजे हाताची स्थिती दोन दृश्यांत किंचित वेगळी असली तरी भावना अखंड असेल तर जोडणी टिकते. अंक वादग्रस्त असू शकतात, क्रम मात्र विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडील कार्यशाळांत हा क्रम बहुधा उलट असतो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारखी मुक्त आणि दा विंची रिझॉल्व्हची विनाशुल्क आवृत्ती महाविद्यालयास पुरेशी आहे. अनधिकृत प्रत वापरण्याचे कारण उरलेले नाही. गाण्यांच्या वापराबाबत स्वामित्व हक्क अधिनियम १९५७ ची जाणीव विद्यार्थ्यांना द्यावी. वर्गातील अध्यापनासाठी मिळणारी सवलत समाजमाध्यमावर चित्रफीत टाकताच लागू राहते असे नाही.

महापुराच्या चित्रफिती

संकलनाचे शिक्षण नसल्याने काय हरवते, याचे उदाहरण सांगलीने पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपुढे गेली. २००५ च्या पुरापेक्षाही ती अधिक होती. त्या दिवसांत हजारो हातांनी चित्रीकरण केले. परंतु यातील बहुतेक चित्रफिती काही सेकंदांच्या, हलत्या, ठिकाण आणि वेळ न कळणाऱ्या आहेत. एकीकडून दुसरीकडे पाठविताना त्यांची प्रत घसरली आणि मूळ कोणाची हे पुसले गेले. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा २०१९ ची दृश्ये नवी म्हणून फिरणे त्यामुळेच सोपे झाले. पाणी कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी किती होते, हे सांगू शकणारा दृश्य-दस्तऐवज त्यातून उभा करणे अवघड आहे. हरिपूरची हळदीची पेवे २००५ च्या पुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. ती भरली व उपसली जात असतानाचे सलग, नोंदीसह केलेले चित्रीकरण आज इतिहास, अर्थशास्त्र आणि भूगोल या तिन्ही विभागांना उपयोगी पडले असते.

याला उपाय साधाच आहे. पुलावरील पाणीपातळीच्या फलकाचे दहा सेकंदांचे स्थिर दृश्य, त्याआधी तोंडी सांगितलेला दिनांक व वेळ, आणि मग परिसराचे एक दूरदृश्य. एवढे मिळाले की पुढची दहा हलती दृश्येही अर्थपूर्ण होतात, कारण त्यांना शेजार मिळतो. अर्थात पाण्यात उतरून चित्रीकरण करू नये आणि संकटातील माणसाच्या संमतीशिवाय त्याचा चेहरा दाखवू नये, हे पहिल्या तासिकेलाच सांगितले पाहिजे.

मूल्यमापनाचा प्रश्न राहतो. तयार चित्रफितीला गुण दिले, की चांगला मोबाइल असलेला विद्यार्थी पुढे जातो. त्यामुळे तीन मिनिटांच्या चित्रफितीसोबत दोन गोष्टी मागवाव्यात : दृश्यांची नोंदवही आणि गाळलेल्या किमान दहा दृश्यांची यादी. प्रत्येक दृश्य का गाळले, हे विद्यार्थ्याने एका वाक्यात लिहावे. निम्मे गुण या यादीला असावेत. ती यादी एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत उतरविता येत नाही, आणि परीक्षकाला ती वाचायला चित्रफितीपेक्षा कमी वेळ लागतो.